खालच्या काठाने दाद कुठे मागायची?

रॉटरडॅमजवळच्या एका रोपवाटिकेची सगळी भिस्त ऱ्हाईन नदीच्या पाण्यावर होती. त्या पाण्यात मीठ वाढत गेले, तशी रोपे खराब होऊ लागली आणि ती वाचवण्याच्या खटाटोपात मालकाचा पैसा जाऊ लागला. मीठ येत होते शेकडो किलोमीटर वरून, फ्रान्सच्या अल्सेस प्रांतातल्या पोटॅश खाणींमधून. पोटॅश वेगळे काढले की उरलेले मीठ या खाणी सरळ नदीत सोडत, रोज हजारो टन. परवानगी फ्रान्सची होती, नफा फ्रान्समध्ये राहत होता आणि नुकसान मात्र नेदरलँड्समध्ये होत होते. अशा वेळी दावा लावायचा तरी कुठे?

रोपवाटिकेने तो रॉटरडॅमच्याच कोर्टात लावला. कोर्टाने हात वर केले: हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. प्रकरण अपिलात गेले, तिथून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे आले आणि ३० नोव्हेंबर १९७६ रोजी त्या न्यायालयाने एक साधी पण दूरगामी गोष्ट सांगितली. घाण जिथे सोडली तिथे दावा लावायचा, की नुकसान जिथे झाले तिथे, हे ठरवण्याचा अधिकार नुकसान सोसणाऱ्याचा आहे. पुढे बारा वर्षे खटला चालला आणि १९८८ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या विरोधात कौल दिला.

याच मिठावर सरकारे काय करत होती? लक्झेंबर्गचा निकाल लागल्यानंतर तीनच दिवसांनी, ३ डिसेंबर १९७६ रोजी, बॉनमध्ये ऱ्हाईनकाठच्या देशांनी मिठाबद्दलच्या करारावर सह्या केल्या. फ्रान्सने मिठाचा काही भाग जमिनीखाली सोडायचा आणि त्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, असे ठरले. वाटे असे: फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के आणि नेदरलँड्स ३४ टक्के. ज्याचे पाणी नासले, सर्वांत मोठा वाटा त्याच्याच गळ्यात. तेवढे करूनही काम हलले नाही. जमिनीत मीठ मुरवले तर आपले भूजल खराब होईल, या भीतीने अल्सेसचे लोक विरोधात उभे राहिले. त्यांची भीती निराधार होती असे मला वाटत नाही. फ्रान्सने मंजुरी लांबवली, तेव्हा १९७९ मध्ये नेदरलँड्सने पॅरिसहून आपला राजदूत परत बोलावला. करार अमलात यायला १९८५ उजाडले.

सामायिक नद्या आणि सरोवरे वाचवायला देशादेशांमध्ये कायद्याचे सहकार्य हवे, यावर आज फारसे दुमत नाही. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. हा कायदा जोवर सरकारांनी सरकारांशी करायचा व्यवहार राहील, तोवर तो पाणी वाटत राहील, पाणी वाचवणार नाही. पाणी वाचवायचे तर दोन गोष्टी करारात पक्क्या लिहाव्या लागतील. एक म्हणजे, पाण्याची तपासणी दोन्ही देशांनी मिळून, कायमस्वरूपी यंत्रणेकडून करायची आणि तिचे आकडे लोकांसाठी खुले ठेवायचे. दुसरी म्हणजे, ज्याचे नुकसान झाले त्याला सीमेपलीकडच्या यंत्रणेपुढे स्वतः उभे राहण्याचा हक्क द्यायचा; त्यासाठी आपल्या राजधानीची मर्जी सांभाळण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

पाणीवाटप सरकारांना सोपे जाते, कारण त्यात आकडा मिळतो आणि तो आकडा आपल्या संसदेत जाऊन दाखवता येतो. १८९५ मध्ये रिओ ग्रांदेच्या पाण्यावरून मेक्सिकोने तक्रार केली, तेव्हा अमेरिकेचे महान्यायवादी जडसन हार्मन यांनी मत दिले की आपल्या हद्दीतल्या पाण्याचे काय करायचे याबाबत अमेरिकेवर आंतरराष्ट्रीय कायद्याचे कोणतेही बंधन नाही. पुढे १९०६ च्या करारात अमेरिकेने मेक्सिकोला वर्षाला ६०,००० एकर-फूट पाणी कबूल केले, पण हक्क म्हणून नव्हे, सौजन्य म्हणून. हार्मन यांचे मत आज कायद्याच्या पुस्तकात कुणी उघडपणे मांडत नाही. त्या मतामागची वृत्ती मात्र वाटाघाटींच्या टेबलावर आजही बसलेली असते.

सिंधू पाणीवाटप करारात नद्यांची वाटणी, कालवे, धरणांची उंची, साठ्याच्या मर्यादा हे सगळे अतिशय बारकाईने लिहिले गेले. १९६० मध्ये तसे लिहिणे हेच मोठे काम होते. प्रदूषणाच्या वाट्याला मात्र त्यात एक छोटे पोटकलम आले: दोन्ही देश ‘शक्य तितपत’ अवाजवी प्रदूषण रोखण्याचा ‘इरादा’ जाहीर करतात. धरणाच्या दरवाजाची पातळी ठरवताना कुणी इरादा जाहीर करत नाही. तिथे मापे लिहिली जातात.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते त्याहून जुने आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या पाण्याबद्दल १९०९ मध्ये तह झाला. कॅनडाच्या वतीने सही ब्रिटनची होती. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की एका बाजूने पाणी असे दूषित करायचे नाही की ज्याने दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला इजा होईल. त्या तहाने सहा सदस्यांचा संयुक्त आयोग नेमला, तीन इकडचे आणि तीन तिकडचे. तो आजही काम करतो. एवढा चांगला शब्द हाताशी असूनही साठच्या दशकाच्या अखेरीस याच सीमेवरच्या ईरी सरोवराला लोक ‘मेलेले’ म्हणू लागले होते. शहरांचे सांडपाणी आणि कपड्यांच्या साबणपुडीतला फॉस्फरस यांनी पाण्यावर शेवाळाचे थर चढवले होते. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी सरोवरांच्या पाण्याच्या गुणवत्तेचा वेगळा करार केला, फॉस्फरसला मर्यादा घातली, सांडपाणी शुद्धीकरणावर प्रचंड खर्च केला. सरोवर सावरले. इथवरची गोष्ट सगळे सांगतात.

पुढची गोष्ट २ ऑगस्ट २०१४ ची आहे. त्या दिवशी भल्या पहाटे ईरीच्या काठावरच्या, ओहायोतल्या टोलेडो शहराने नागरिकांना बजावले की नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. शेवाळातून पाण्यात उतरलेले विष उकळल्याने नष्ट होत नाही. पाणी आटते आणि विष अधिक दाट होते. चार ते पाच लाख लोक सुमारे तीन दिवस नळाच्या पाण्यावाचून राहिले, आणि तेही जगातल्या गोड्या पाण्याच्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एकाच्या काठावर. कारण पुन्हा फॉस्फरसच होते, पण या वेळी तो मुख्यतः शेतांमधून वाहून आला होता. अमेरिकेच्या जलप्रदूषण कायद्याने कारखान्यांच्या आणि शहरांच्या नळकांड्यांवर परवान्याची सक्ती केली, शेतातून वाहून येणारे पाणी मात्र बहुतांशी त्या सक्तीच्या बाहेर ठेवले. आंतरराष्ट्रीय करार कितीही चांगला असला तरी तो शेवटी देशातल्या कायद्याच्या खांद्यावर उभा असतो. तो खांदा जिथे कच्चा, तिथून घाण पुन्हा आत येते.

सरोवराच्या बाबतीत ही हयगय नदीपेक्षा महाग पडते. नदी निदान वाहते. घाण थांबवली तर काही वर्षांत तिचे पाणी सुधारू शकते. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्याच सुपीरियर सरोवरातले पाणी एकदा पूर्ण बदलायला सुमारे १९० वर्षे लागतात. तिथे एका पिढीने टाकलेले पुढच्या सहा-सात पिढ्यांच्या पाण्यात राहते. म्हणून सरोवरांच्या करारात ‘नुकसान सिद्ध झाले की बघू’ ही भाषा कामाची नाही. नुकसान सिद्ध होईपर्यंत उशीर झालेला असतो.

कायदा नेमका कुठून सुरू करावा, हे मला कॉन्स्टन्स सरोवराकडे पाहून कळते. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया या तिघांमध्ये असलेल्या या सरोवराच्या मुख्य भागात देशांची सीमा कुठून जाते, यावर तिघांचे आजवर एकमत झालेले नाही. हद्दीचा प्रश्न सुटल्याशिवाय पाण्याचे बोलणार नाही, असा पवित्रा त्यांनी घेतला असता तर सरोवर कधीच हातचे गेले असते. त्यांनी १९५९ मध्ये संयुक्त आयोग बसवला आणि मोजायला सुरुवात केली. १९८० च्या आसपास पाण्यात लिटरमागे ८० मायक्रोग्रॅमहून अधिक फॉस्फरस होता. आज तो १० च्या खाली आहे. जवळजवळ ४० लाख लोकांच्या घरी या सरोवराचे पाणी जाते. गंमत अशी की आता तिथले मासेमार म्हणतात, पाणी इतके स्वच्छ झाले की माशांना खायला उरले नाही, फॉस्फरस थोडा वाढू द्या. भांडण आजही आहेच, पण आकड्यांवर नाही. आकडे सगळ्यांचे एकच आहेत.

एकच आकडे असणे ही बाब वकिलांना किरकोळ वाटते, पण माझ्या मते सारा डोलारा तिच्यावर उभा आहे. अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यातल्या कागदाच्या लगद्याच्या कारखान्यावरून झालेला तंटा आठवावा. उरुग्वे नदीच्या काठावर, फ्राय बेंतोस गावी, कारखाना उभा राहत होता. १९७५ च्या करारानुसार उरुग्वेने आधी नदी आयोगाला कळवायला हवे होते. ते त्याने नीट केले नाही. अर्जेंटिना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पलीकडच्या काठावरच्या ग्वालेग्वायचू शहरातल्या लोकांना मात्र जाण्यासारखे कुठलेच दार नव्हते, म्हणून त्यांनी दोन देशांना जोडणारा पूल अडवला आणि तो साडेतीन वर्षे अडवून धरला. एप्रिल २०१० मध्ये निकाल आला. उरुग्वेने कळवण्याची आणि सल्लामसलतीची जबाबदारी पाळली नाही, पण नदी दूषित केल्याचे सिद्ध झाले नाही, कारखाना चालू राहील. त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की सीमेपलीकडे गंभीर परिणाम होण्याची शक्यता असेल तर पर्यावरणीय परिणामांची आधी तपासणी करणे हे आता सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचे बंधन आहे. हे मोठेच पाऊल आहे. पण दोन्ही देशांनी मिळून कारखान्याच्या पाण्याची तपासणी सुरू केली ती निकालानंतर. ती आधी असती, आणि तिचे आकडे दोन्ही काठांवरच्या लोकांना वाचायला मिळाले असते, तर पुलावर बसण्याची वेळ कदाचित आली नसती.

अपघात झाला की मात्र सरकारे जागी होतात. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझवण्यासाठी मारलेले पाणी अडवायला तिथे काहीच सोय नव्हती. ते कीटकनाशके घेऊन ऱ्हाईनमध्ये उतरले, नदी तांबडी झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. खालच्या देशांना इशारा उशिरा मिळाला. वर्षभरात ऱ्हाईनकाठच्या देशांनी कृती कार्यक्रम आखला: घातक पदार्थ १९९५ पर्यंत निम्म्यावर आणायचे आणि २००० पर्यंत साल्मन मासा नदीत परत यायला हवा. हा कार्यक्रम कायद्याने बंधनकारक नव्हता. तरीही तो पार पडला, आणि साल्मन आला. बंधनकारक असलेला मिठाचा करार मात्र इतकी वर्षे रखडला होता.

हे उदाहरण माझ्या बाजूने आहे की विरुद्ध, असा प्रश्न कुणी विचारील. यावरून ‘कायदा नको, इच्छाशक्ती हवी’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो पटत नाही. कार्यक्रम बंधनकारक नसला तरी त्याच्या पाठीशी १९५० पासून बसलेला आयोग होता, नदीभर तपासणी केंद्रे होती, आकडे प्रसिद्ध होत होते आणि खालच्या देशातला माणूस कोर्टात जाऊ शकतो हे लक्झेंबर्गने दहा वर्षांपूर्वीच ठरवून ठेवले होते. इच्छाशक्ती जागी झाली ती संतापाने. ती टिकली ती या यंत्रणेमुळे. जिथे अशी यंत्रणा नाही, तिथे संताप दोन आठवड्यांत विरतो.

रोमेनियातल्या बाया मारेचा अनुभव याहून कडू आहे. ३० जानेवारी २००० च्या रात्री तिथल्या सोन्याच्या प्रकल्पाचा बांध फुटला आणि सायनाइड मिसळलेले सुमारे एक लाख घनमीटर पाणी बाहेर पडले. ते आधी सोमेश नदीत, तिथून हंगेरीच्या तिसा नदीत आणि पुढे डॅन्यूबमध्ये गेले. इशारा देणारी व्यवस्था होती म्हणून खालच्या शहरांना पाणी उपसणे वेळीच थांबवता आले. हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले. भरपाईची वेळ आली तेव्हा कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर, २००३ मध्ये, कीव येथे एक पूरक करार तयार झाला: अशा अपघातात सीमेपलीकडच्या व्यक्तीला थेट कंपनीकडून भरपाई मागता येईल, आणि ती देण्याची ऐपत राहावी म्हणून कंपनीने आधीच विमा किंवा तारण ठेवले पाहिजे. सह्या बऱ्याच देशांनी केल्या, हंगेरीने मंजुरीही दिली. बाकीच्यांनी ती दिली नाही आणि हा करार आजतागायत अमलात आलेला नाही. पाणी वाचवण्याच्या गोष्टी करणाऱ्या सरकारांची परीक्षा इथे होते, आणि त्यात ती नापास झाली आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ मे १९९७ रोजी आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांचा करार १०३ विरुद्ध ३ मतांनी संमत केला. विरोधात चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी होते. भारत आणि पाकिस्तान दोघेही तटस्थ राहिले. न्याय्य आणि वाजवी वापर, दुसऱ्याला लक्षणीय हानी न पोहोचवणे, आधी कळवणे ही तत्त्वे त्यात आहेत आणि त्यांच्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. पुरेशा मंजुऱ्या मिळून तो अमलात यायला ऑगस्ट २०१४ उजाडला. मला त्यातले ३२ वे कलम महत्त्वाचे वाटते, ज्याच्याकडे फार थोडे लोक पाहतात. सीमेपलीकडे नुकसान झालेल्या किंवा तसा गंभीर धोका असलेल्या व्यक्तीला, ती परदेशी आहे किंवा नुकसान परदेशात झाले आहे म्हणून, न्यायालयात किंवा अन्य यंत्रणेकडे दाद मागताना डावलता येणार नाही, असे ते सांगते. भारताने त्या वेळी ज्या कलमांवर हरकत घेतली त्यांत हेही होते. म्हणणे असे की, शेजारी देशांमध्ये राजकीय आणि आर्थिक एकात्मता असेल तरच असे कलम चालू शकते. या हरकतीत तथ्य आहे. ऱ्हाईनच्या रोपवाटिकेला वाट मिळाली ती युरोपच्या सामायिक न्यायव्यवस्थेमुळेच. पण डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन यांनी १९७४ मध्येच आपापसात हे मान्य केले होते, आणि तेव्हा ते चौघे काही एका राजकीय संघात नव्हते. शेजाऱ्याच्या नागरिकाला आपल्या कार्यालयात अर्ज देऊ दिला म्हणून त्यांतल्या कुणाचे सार्वभौमत्व गेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वरचा देश गरीब असतो, खालचा श्रीमंत. खालच्या काठाला असे हक्क दिले तर वरच्याचे प्रत्येक धरण, प्रत्येक कारखाना अडेल. हे घडू शकते. म्हणूनच हक्क दाद मागण्याचा असावा, नकाराधिकाराचा नसावा. हा फरक कायद्याने फार पूर्वी केला आहे. पिरेनीज पर्वतातल्या लानू सरोवराचे पाणी फ्रान्सला वळवायचे होते, स्पेनचा विरोध होता. १९५७ मध्ये लवादाने ठरवले की फ्रान्सने स्पेनचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकून विचारात घेतले पाहिजे. पण स्पेनच्या होकाराशिवाय काम करता येणार नाही, असे नाही. आणि हे सगळे श्रीमंत युरोपचे चोचले आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी सेनेगल नदीकडे पाहावे. माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये संघटना उभारली आणि धरणे एका देशाची न ठेवता सगळ्यांच्या सामायिक मालकीची केली. १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया युद्धाच्या उंबरठ्यावर होते, तरी ती मालकी तुटली नाही. त्यांच्या २००२ च्या जलसनदेत निर्मळ पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हणून लिहिला आहे. युरोपातल्या कित्येक करारांत ते शब्द नाहीत.

उलट श्रीमंत देशांत दार बंद असले तर काय होते, हे कूकनूसा सरोवरावर दिसते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातल्या कोळसा खाणींमधून सेलेनियम एल्क नदीत उतरते आणि सीमेवर पसरलेल्या या सरोवरातून अमेरिकेतल्या मोंटानात जाते. माशांच्या अंड्यांना आणि पिलांना ते घातक असते. तिथल्या कटुनाहा आदिवासी समाजाने संयुक्त आयोगाने चौकशी करावी म्हणून दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. १९०९ च्या तहाने एका देशालाही आयोगाकडे प्रश्न नेता येतो, पण रूढी अशी पडली की दोन्ही सरकारांनी मिळून सांगितले तरच आयोग हलतो. ते सांगणे मार्च २०२४ मध्ये झाले. जगातला सर्वांत नावाजलेला जल आयोग, शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव, आणि नदीकाठच्या माणसाच्या अर्जाने तो जागचा हलू शकत नाही.

गंगेच्या पाण्याबाबत भारत आणि बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी झालेला करार तीस वर्षांचा आहे, म्हणजे त्याची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. फराक्का येथे आणि पलीकडे हार्डिंज पुलाजवळ दोन्ही देशांचे संयुक्त पथक १ जानेवारी ते ३१ मे या काळात रोज प्रवाह मोजते. अविश्वासाच्या कितीतरी काळांत हे मोजमाप चालू राहिले, ही साधी गोष्ट नाही. पण तिथे मोजले जाते ते किती पाणी आले हे. कसले आले, हा त्या कराराचा विषय नाही. नव्या करारात किती क्युसेक यावर घासाघीस होणार आणि ती व्हायलाच हवी. त्याच ठिकाणी, त्याच पथकाने पाण्यातला प्राणवायू, सांडपाण्याचे जंतू, जड धातू आणि क्षार मोजावेत, वर्षातले बाराही महिने मोजावेत आणि ते आकडे दोन्ही बाजूंच्या लोकांना बांगला आणि हिंदीत वाचता यावेत, एवढे एक कलम त्यात घालायला कुणाच्या वाट्याचा एक थेंबही कमी करावा लागत नाही. त्याला जोडून आणखी एक कलम हवे: पाण्यात घातक बदल दिसला तर दोन्हीकडच्या मासेमारांना, शेतकऱ्यांना, पाणीपुरवठा करणाऱ्या नगरपालिकांना संयुक्त नदी आयोगाकडे थेट तक्रार नोंदवता येईल आणि आयोगाला ठरलेल्या मुदतीत तिचे लेखी उत्तर द्यावे लागेल.